स्ट्रोकनंतर बाबा घरात चालतात, बाहेर पाय उचलत नाहीत – मदत हवी आहे (ठाणे)

ठाणेकर_मुलगी:
नमस्कार. बाबा ६७ वर्षांचे, डाव्या बाजूला अर्धांगवायू, पाच महिने झाले. नौपाड्यात दुसरा मजला, लिफ्ट नाही. घरात उजव्या हातात काठी घेऊन एकटे फिरतात. फिजिओंच्या चाचण्या: बर्ग (तोल मोजायची चाचणी) ५६ पैकी ४६; खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत बसायला १९ सेकंद. पण तलावपाळीवर (तळ्याकाठच्या फिरायच्या रस्त्यावर) नेलं की दहा पावलांत थबकतात, नजर जमिनीवर, माझा दंड घट्ट आवळतात. एकदाच पडले, बाथरूमच्या उंबऱ्याशी, नुसतं खरचटलं. चालणं वाढवावं, की भीतीचं वेगळं काही करावं? वॉकर घ्यावा का?

पावलोपावली:
बर्ग ४६ म्हणजे शरीरात बऱ्यापैकी तोल आहे. ४५च्या खाली पडण्याचा धोका ही जुनी रेघ, पण तिच्यावरचेही पडतात, म्हणून गाफील राहू नका. पण तोल जाणार नाही हा मनातला भरवसा वेगळा मोजावा लागतो. त्यासाठी पॉवेल आणि मायर्स यांची १९९५ची एबीसी नावाची प्रश्नावली आहे: १६ कामं, प्रत्येकाला ० ते १०० टक्के खात्री. जिना, जमिनीवरची चप्पल उचलणं, गर्दीत धक्का लागणं, सरकता जिना वगैरे. शेवटचा प्रश्न बर्फाळ फुटपाथचा आहे. आपल्याकडे ओल्या लादीचं विचारा, फक्त मग तो आकडा इतरांच्या आकड्यांशी ताडू नका.

ज्या कामांना बाबा ५०-७० टक्के देतील, तिथून सुरुवात करा. २० टक्क्यांच्या कामाला हात घालू नका. संध्याकाळची तलावपाळी म्हणजे गर्दी, फेरीवाले, पळणारी मुलं, सगळं एकदम. आधी मजल्यावरचा पॅसेज, मग सोसायटीचं आवार, मग पहाटेची तलावपाळी. एका वेळी एकच गोष्ट बदला: अंतर, नाहीतर जमीन, नाहीतर गर्दी. बोलत चालणं सगळ्यात शेवटी, कारण लक्ष विभागलं की तोल आधी जातो.

आणि तो दंड सोडवा. त्यांनी तुम्हाला धरलं की वजन उजवीकडे झुकतं, डाव्या पायावर भार येतच नाही, आणि त्यांच्या मनात "हिने धरलं म्हणून वाचलो" हेच पक्कं होतं. कमरेला रुंद गेट बेल्ट (चालवताना मदतनिसाने धरायचा पट्टा) बांधा. तुम्ही डावीकडे, अर्धं पाऊल मागे. हात बेल्टखालून घालून तयार ठेवायचा, ओढायचं नाही. डावा हात धरून तर कधीच खेचू नका, खांदा निसटतो.

वॉकर नको. डाव्या हाताची पकड नसेल तर साधा वॉकर तिरका जातो, आणि उंबऱ्यावर अडतो. आहे तीच काठी तपासा: सरळ उभं राहून हात सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी, धरल्यावर कोपर १५ ते ३० अंश वाकावं. टोकाच्या रबराच्या खाचा झिजल्या असतील तर पावसाळ्याआधी बदला. क्रम: काठी, डावा, उजवा.

हळूहळू:
जिन्याबद्दल. चढताना उजवा आधी, उतरताना काठी आणि डावा आधी. मदतनीस कायम खालच्या पायरीवर. एक गोष्ट लोक विसरतात: चढताना उजवीकडे असलेला कठडा उतरताना डावीकडे येतो, म्हणजे नेमका कमजोर हाताकडे. सोसायटीला सांगून भिंतीच्या बाजूलाही पाइप लावून घ्या.

जमिनीवरून उठायला शिकवा, भीतीवर याच्याइतकं उपयोगी थोडंच असतं. सुरुवातीला फिजिओंसमोर, गादीवर: उजव्या कुशीवर वळायचं, उजव्या कोपरावर रेटून बसायचं, जड खुर्ची समोर ओढून गुडघ्यांवर यायचं, उजवं पाऊल पुढे रोवून उठायचं. पडलो तरी उठता येतं हे अंगाला कळलं की पाऊल सैल पडतं.

उभं राहिल्यावर गरगरतं का तेही बघा. झोपून बीपी घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा, गोळ्या स्वतः बदलू नका. अचानक नवी कमजोरी आली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर थेट १०८.

स्प्लिंटवाला:
भीतीचा शिक्का मारण्याआधी बाबांची डावी चप्पल उलटी करून तळ बघाल का?

ठाणेकर_मुलगी:
बघितली. डावीचा पुढचा बाहेरचा कोपरा गुळगुळीत झालाय, उजवी शाबूत आहे.

स्प्लिंटवाला:
म्हणजे चवडा घासतोय. घरातल्या लादीवर तो सरकून निभावतो, पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतो. बाबांची नजर उगाच खाली नाही. फिजिओंना फूट ड्रॉप (चालताना चवडा वर न उचलला जाणं) तपासायला सांगा. पाऊल उचलून धरणारा एएफओ (घोटा-पावलाचा) स्प्लिंट लागू शकतो. तो मोज्यावर घालायचा, पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त नाही. काढल्यावर घोटा आणि टाच बघा, लाली २० मिनिटांत गेली नाही तर स्प्लिंट बनवणाऱ्याकडे परत नेऊन ती जागा घासून आणा. डाव्या पायाला संवेदना कमी असेल तर फोड आल्याचं त्यांना कळणारही नाही. बूट मागे बंद असलेला, वेल्क्रोचा, आणि स्प्लिंट सोबत नेऊनच घ्या; डावा एखादा नंबर मोठा लागतो. तोवर बाहेरचं चालणं सपाट आवारातच ठेवा.