नवी स्लायडिंग मायटर सॉ, चौथा कोपरा बसत नाही: मदत हवी आहे (तातडीचे)

चिपळूणचा_सुतार
मंडळी, परवा १० इंची स्लायडिंग मायटर सॉ (कोनात काप घेणारं मशीन, ब्लेडचं डोकं पुढे-मागे सरकतं) आली. खोक्यातून काढली, बाकड्याला बोल्ट मारले, ४५ अंशांच्या खटक्यात (टेबल ठराविक कोनावर अडकवणारी खाच) बसवली आणि कामाला लागलो. तीन कोपरे मस्त बसतात, चौथ्यात फट राहते. चार फ्रेम केल्या, चारही तशाच. मशीन नवं आहे, खटका बरोबर ४५ वर बसतो, मग चूक कुठे? खिडक्यांना डासांच्या जाळीच्या १४ फ्रेम द्यायच्या आहेत आणि गिऱ्हाईक रोज फोन करतंय. मशीन परत पाठवू का? कृपया लवकर सांगा.

रंधापटाशी
परत पाठवू नका. आधी एवढं सांगा: फट आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या? की वरून मिटलेली आणि खालून उघडी? किती मिलिमीटर? पट्टी किती रुंद? समोरासमोरच्या पट्ट्या अगदी सारख्या लांबीच्या आहेत का? एक पट्टी मिलिमीटरभर लांब असेल तरी शेवटचा कोपरा उघडतो, त्यात मशीनचा दोष नसतो.

बाळू_पुणे
सोबत आलेलं ब्लेड काढा आणि ८० दातांचं लावा, प्रश्न मिटेल. मशीनबरोबर येणारं ब्लेड कमी दातांचं असतं, ते लाकडात हलतं. मी पहिल्याच दिवशी बदललं. आणि हो, ब्लेडचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. मला माहीत नव्हतं, तासभर उलटा जोर लावत बसलो होतो. प्लग काढून मगच हात घाला.

फोंड्याहून
लाकूड ओलं असणार. पावसात पट्टी फुगते, सुकली की रुंदी कमी होते पण लांबी तेवढीच राहते. मग ४५ चा जोड आतल्या बाजूने उघडतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर आम्ही मायटरचं (४५ च्या जोडाचं) काम घेतच नाही.

चिपळूणचा_सुतार
लाकूड ओलं नाही. वाड्याच्या तुळईचं जुनं साग आहे, साठ-सत्तर वर्षांचं. पट्टी ५० मिलिमीटर रुंद, २० जाड. फट आतल्या बाजूला, साधारण २ मिलिमीटर. वर-खाली सारखीच. लांबीचं म्हणाल तर फेन्सला (लाकूड टेकवायची मागची उभी पट्टी) ठोकळा क्लॅम्प करून कापतो, चारही पट्ट्या उभ्या ठेवून बघितल्यात, सारख्या आहेत. ब्लेडचा काय संबंध?

बाळू_पुणे
संबंध आहे. पातळ ब्लेड तिरक्या कापात वाकतं.

रंधापटाशी
वाकलं तर काप बाकदार येईल, चारही फ्रेमना एकसारखी फट येणार नाही. आणि फोंड्याचे दादा, तुमचं म्हणणं सुकणाऱ्या लाकडाला लागू आहे, पण ही फट कापल्याकापल्याच दिसते आहे.
आता हिशेब बघा. ५० च्या पट्टीवर ४५ चा काप साधारण ७० मिलिमीटर लांब होतो. ७० ला २ ची फट म्हणजे साधारण १.६ अंश. फ्रेममध्ये आठ काप, म्हणजे प्रत्येक कापात ०.२ अंशाची चूक. तीन कोपरे तुम्ही दाबून जुळवता, सगळी चूक चौथ्यात जमा होते. आतून फट म्हणजे काप ४५ पेक्षा जास्त होतोय, बाहेरून असती तर कमी.
महत्त्वाचा प्रश्न: पट्टीची दोन टोकं कशी कापता? एक डावीकडे फिरवून आणि एक उजवीकडे, की पट्टी पालथी करून दोन्ही एकाच बाजूने?

यंत्रवेडा
डिजिटल अँगल मीटर घ्या, चुंबकाने ब्लेडला चिकटतो, दशांशापर्यंत कोन दाखवतो. पाच मिनिटांत काम.

रंधापटाशी
तो गुरुत्वाकर्षणावर चालतो. ब्लेड उभं आहे की कललं आहे एवढंच सांगतो. टेबल आडवं फिरवल्यावर झालेला कोन त्याला कळतच नाही. यांची फट वर-खाली सारखी आहे, म्हणजे उभा कोन ठीक आहे.

यंत्रवेडा
बरोबर, हे लक्षात नव्हतं आलं.

जुना_हात
जाळीच्या फ्रेमला मायटर जोड मुळात करूच नये. आडव्या कापलेल्या धाग्यावर (लाकडाच्या रेषांवर) फेविकॉल नीट धरत नाही, रोज उघडझाक झाली की वर्षात निखळेल. माझे वडील कुसू (एका पट्टीच्या टोकाची जीभ, दुसरीच्या भोकात बसणारी) काढायचे, आजही गावातल्या देवळाची दारं उभी आहेत. कुसू-भोक करा, कोनाचा प्रश्नच येणार नाही.

चिपळूणचा_सुतार
काका, मान्य आहे, पण १४ फ्रेम आणि ५६ कोपरे आहेत. हातात दिवस नाहीत, दरही मायटरचाच ठरलाय.
रंधापटाशी, पट्टी पालथी करून डाव्या बाजूनेच कापतो. उजवीकडे भिंत आहे, मशीन तिकडे फिरवलं की हँडल भिंतीला लागतं. हे सांगायला हवं होतं का?

रंधापटाशी
हेच तर हवं होतं! तुमच्या मशीनचा शून्यच ०.२ अंशाने सरकलेला आहे. अशा वेळी डावीकडे ४५.२ होतात आणि उजवीकडे ४४.८. एक टोक डावीकडून आणि एक उजवीकडून कापलं असतं तर बेरीज ९० झाली असती आणि चूक झाकली गेली असती. तुम्ही सगळे आठ काप एकाच बाजूने घेता, म्हणून चूक साठत जाते.
खात्री करून घ्या. २५० मिलिमीटर रुंद प्लायचा तुकडा घ्या, दोन्ही लांब कडा समांतर असलेला. शून्यावर ठेवून मधोमध आडवा कापा. एक अर्धा पालथा करा, दोन्ही तुकडे फेन्सला टेकवून कापलेल्या कडा एकमेकांना भिडवा. पालथं केल्यामुळे चूक दुप्पट दिसते. माझा अंदाज खरा असेल तर एका टोकाला पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास फट दिसेल.
दिसली तर:
प्लग काढा. डोकं खाली घेऊन पिन लावा, टेबल शून्याच्या खटक्यात बसवा. मग फेन्सचे बोल्ट ॲलन चावीने अर्धा वळसा सैल करा. काही मशीनमध्ये फेन्स हलत नाही, कोनपट्टीचे (अंश दाखवणाऱ्या पट्टीचे) स्क्रू सैल करावे लागतात, ते मॅन्युअलमध्ये असतं. गुण्याचा (काटकोन तपासायचं साधन) एक हात फेन्सला आणि दुसरा ब्लेडच्या सपाट पत्र्याला लावा. दाताला लावू नका, दात पत्र्यापेक्षा जाड असतात. गुण्या दोन दातांच्या मधे बसवा. फेन्स हलवत गुण्या आणि पत्र्याच्या मधून उजेड दिसायचा बंद झाला की बोल्ट थोडे-थोडे, आलटून-पालटून आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळला की फेन्स परत सरकते. आवळून झालं की पुन्हा तपासा.
फेन्सचे डावे-उजवे भाग एका रेषेत आहेत का तेही लांब सरळ पट्टी लावून बघा.

बाळू_पुणे
फेन्सला हात लावू नका! कारखान्यातून बसवून आलेली असते, वॉरंटी जाईल.

रंधापटाशी
फेन्स कशी सरळ करायची याचं पान मॅन्युअलमध्येच असतं. ट्रकमधून शेकडो किलोमीटर आदळत आलेलं मशीन पहिल्या दिवशी तपासायचंच असतं.

सौ_करवत
एक विचारते. स्लाइड कशी वापरता? कापताना डोकं स्वतःकडे ओढता का? माझ्या भावाने तसंच केलं होतं. ब्लेड लाकडावर चढून अंगावर आलं, डाव्या हाताच्या दोन बोटांना टाके पडले. आधी मोकळं डोकं पुढे ओढायचं, मग ब्लेड खाली घ्यायचं आणि ढकलत कापायचं. काप झाला की बटण सोडून ब्लेड थांबेपर्यंत डोकं खालीच धरायचं. हे कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिलं.

चिपळूणचा_सुतार
ताई, मी ओढतच कापत होतो. आजपासून बंद. मनापासून आभार.

नाशिक_अल्युमिनियम
याच मशीनवर खिडकीचे अल्युमिनियम सेक्शन कापता येतील का? कोणती कंपनी, कितीला पडलं?

चिपळूणचा_सुतार
करून बघितलं. प्लाय पालथा करून भिडवला, फट अगदी पावणेदोन! मग फेन्स गुण्याला लावून आवळली आणि पुन्हा कापलं, तर फट अडीच झाली. आता काय?

रंधापटाशी
गुण्या तपासला का? प्लायच्या सरळ कडेला टेकवून पेन्सिलीने रेघ मारा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन रेघा एकावर एक आल्या तरच गुण्या खरा.

चिपळूणचा_सुतार
रेघा वरच्या टोकाला मिलिमीटरभर फाकल्या. हा गुण्या साइटवर दोनदा पडला होता, तेव्हापासून तोच वापरतोय.

जुना_हात
गुण्या पडला की तो चुन्याच्या कामाला द्यायचा, लाकडाला लावायचा नाही. आमच्याकडे सुताराचा गुण्या कापडात गुंडाळून ठेवत.

रंधापटाशी
मग गुण्या सोडा. फेन्स केसभर सरकवा, आवळा, प्लाय कापा, पालथा करून भिडवा. फट जितकी दिसते तिच्या निम्मी चूक. २५० मिलिमीटरवर कागदाइतकी फट राहिली की थांबा. आणि कोन दाखवणारा काटा शेवटी शून्यावर आणा, आधी नाही.

चिपळूणचा_सुतार
रात्रीचे साडेअकरा. सहा वेळा कापलं. सहाव्या वेळी दोन तुकडे भिडवले आणि त्यांच्यात बिलाचा कागदही गेला नाही. मग दोन पट्ट्या ४५ ला कापून बघितल्या, त्यानंतर अख्खी फ्रेम. चौथा कोपरा नुसत्या हाताने दाबल्यावर बसला. आधीच्या चार फ्रेमचे कोपरे पुन्हा कापून घेईन, जाळीला तीन-चार मिलिमीटर जागा आहे. जुना_हात काका, प्रत्येक कोपऱ्यात सागाची आडवी पट्टी खाच पाडून घालतो, नुसत्या फेविकॉलवर सोडत नाही.

जुना_हात
पट्टीचा धागा जोडाला आडवा येईल असा ठेव. बाकी ठीक.

नाशिक_अल्युमिनियम
माझ्या प्रश्नाचं कोणी सांगेल का? सेक्शन कापता येतील का?

बाळू_पुणे
मशीन चालेल का ते तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा, काहींमध्ये धातू चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. चालत असेल तर लाकडाचं ब्लेड काढून अल्युमिनियमचं लावा आणि सेक्शन क्लॅम्प केल्याशिवाय कापू नका. वेगळा विषय सुरू करा, तिथे सविस्तर लिहितो.