घाटकोपरला विमानांच्या वाटेखाली घर: खिडक्या, तक्रार आणि पुनर्विकास

पश्चिमवारा:
घाटकोपर पश्चिम, सातवा म्हणजे शेवटचा मजला. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, बाहेर बॉक्स ग्रिल. उतरणारी विमाने थेट डोक्यावरून जातात. एक जण डबल ग्लेझिंग (मध्ये हवा असलेली दुहेरी काच) सांगतो, दुसरा फॉल्स सीलिंग. खर्च नेमका कशावर करावा? आवाजाची तक्रार केली तर टिकेल का? शिवाय पुनर्विकासात बिल्डर १८ मजले देतो म्हणतो, ते शक्य आहे का?

फटशोधक:
फॉल्स सीलिंग विसरा. १२५ मिमीच्या काँक्रीट स्लॅबमधून फारसा आवाज येतच नाही. येतो तो फटींतून. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा उघडी असली की काच कितीही जाड घ्या, आवाजातली घट २० डेसिबलच्या पुढे जात नाही. सरकत्या खिडकीच्या सगळ्या सांध्यांवर तीन मिमी फट धरली तरी आपण त्या एक टक्क्याच्या आसपास पोचतो.

६-१२-६ चे (६ मिमी काच, १२ मिमी हवा, ६ मिमी काच) डबल ग्लेझिंग उन्हासाठी उत्तम, पण आवाजाला ते ६.३८ मिमी लॅमिनेटेड काचेहून (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेली) फारसे सरस नाही. दोन्ही काचा सारख्या जाडीच्या असल्या की एकाच स्वरावर थरथरतात आणि मधली १२ मिमी हवा विमानाच्या खर्जाला पुरत नाही. आहे ती खिडकी राहू द्या. आतल्या बाजूला, निदान १०० मिमी अंतर सोडून, आत उघडणारी यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या चौकटीची) केसमेंट, म्हणजे बिजागरीची खिडकी बसवा: लॅमिनेटेड काच, चारही बाजूंनी ईपीडीएम रबराची पट्टी आणि दोन ठिकाणी आवळणारे लॉक. चौकट आणि भिंतीमधली पोकळी फोमने भरून वर सिलिकॉन मारा. बाहेरच्या ट्रॅकची पाणी जायची भोके मात्र बुजवू नका, नाहीतर पावसात पाणी घरात येईल.

स्वयंपाकघर:
वरच्याशी सहमत, पण एक इशारा. फटी बुजवायच्या नादात पाइप गॅस असलेल्या स्वयंपाकघराची हवा जायची वाट बंद करू नका. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर काचपट्ट्यांच्या झडपेला हातही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावतात. आवाज तिथेच अडवायचा तर बाथरूमच्या दाराला खाली ब्रश-पट्टी आणि चौकटीला रबर लावा. एसीच्या पाइपाचे भोक पुट्टीने बुजवा, ते बहुतेक घरांत तसेच राहिलेले असते. झोपायची एकच खोली नीट केली तरी फरक कळतो, सगळ्या घरावर एकदम खर्च नको.

धावपट्टी२७:
तक्रारीबद्दल. मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर (क्रमांक ०९/२७) वर्षाचा बहुतेक काळ विमाने पूर्वेकडून, म्हणजे घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरतात आणि जुहूकडे, समुद्रावर उडतात. तीन अंशांच्या उतारामुळे धावपट्टीपासून दर किलोमीटरला उंची साधारण ५२ मीटरने वाढते. तीन किलोमीटरवर विमान जेमतेम पावणेदोनशे मीटर वर असते.

२०१८ च्या केंद्रीय मानकांनुसार गर्दीच्या विमानतळाभोवतीची मर्यादा दिवसा ७० आणि रात्री (१० ते ६) ६५ डेसिबल आहे. पण ही त्या सगळ्या तासांची सरासरी, तिला एलईक्यू म्हणतात. एक विमान ८५ वर गेले तरी मधली शांतता मिसळून आकडा खाली येतो. म्हणून मोबाइल अ‍ॅपचा सर्वोच्च आकडा जोडलेली तक्रार टिकत नाही. माहिती अधिकारात डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आपल्या भागाच्या मोजणीचे रात्रीचे एलईक्यू आणि सर्वोच्च आकडे, दोन्ही मागा. अर्ज सोसायटीच्या नावाने नको, एखाद्या सभासदाने स्वतःच्या नावाने करावा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर धावपट्टी देखभालीसाठी बंद असते त्या तासांत केलेली मोजणी ग्राह्य धरू नका.

पश्चिमवारा:
खूप उपयोग झाला. आता उंचीचे कोणी सांगेल का?

सर्वेक्षक:
१८ मजल्यांचा आकडा कागदाशिवाय मानू नका. विमानतळाजवळ बांधायला एअरपोर्ट अथॉरिटीची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते आणि तिच्यात दिलेली उंची जमिनीपासून नसते, समुद्रसपाटीपासून असते. समजा ६० मीटर मंजूर आहेत आणि तुमचा प्लॉट ८ मीटरवर आहे, तर हाती राहिले ५२. त्यातच पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेना आणि वीजरोधकाची सळई. तळमजल्यावर पार्किंग आणि तीन मीटरचा मजला धरला तर १५ च्या आत थांबावे लागेल. बिल्डरने पायथ्याची उंची चुकीची दिली की घोटाळा बांधकाम वर गेल्यावर उघड होतो, तेव्हा वरचे मजले पाडण्याची वेळ येते. म्हणून प्लॉटचे अक्षांश-रेखांश आणि उंची सोसायटीने स्वतःच्या सर्वेक्षकाकडून मोजून घ्यावी आणि अथॉरिटीच्या रंगीत झोनिंग नकाशात (कुठे किती उंची चालेल ते रंगांनी दाखवणारा) आपला चौकोन कुठल्या रंगात पडतो ते पाहावे. एनओसीची प्रत आणि तिची मुदत पाहिल्याशिवाय करारावर सही नको.