चकाकी फक्त अमेरिकेतच?

"अमेरिकन लोक जुनी गाडी आरशासारखी चमकवतात, युरोपीय तिचं वय जपतात" असं जुन्या गाड्यांच्या शौकिनांबद्दल म्हटलं जातं, ते अर्धंच पटतं. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रसिद्ध स्पर्धेतही 2001पासून रिस्टोअर न केलेल्या (म्हणजे पुन्हा नव्यासारख्या न केलेल्या) गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. आणि कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्‌स कारच्या शौकिनांच्या परीक्षणात तर उलटीच गंमत: कारखान्यातून निघताना गाडी जशी होती तशीच हवी, त्यामुळे रंग मूळपेक्षा गुळगुळीत झाला तर गुण कापले जातात. कारखान्यातल्या तपासनिसाच्या खडूच्या खुणासुद्धा लोक मुद्दाम परत काढतात. (हे वेड की निष्ठा, देव जाणे.)

आयात करणाऱ्याने मात्र आवडीनिवडीआधी कायदा बघावा. अमेरिकेत 25 वर्षं झाली की सुरक्षा नियमांतून सूट मिळते. प्रदूषणाच्या नियमांतून 21 वर्षांनीच, पण गाडी मूळ रूपात असेल तर. म्हणजे हौसेने दुसऱ्या प्रकारचं इंजिन बसवलेली गाडी तिथे अडकू शकते. जर्मनीत ऐतिहासिक गाड्यांना मिळणाऱ्या 'एच' नंबरप्लेटसाठी 30 वर्षं लागतात, शिवाय स्थिती चांगली आणि बदल त्या काळाला शोभणारे हवेत. गंजकी, पोपडे निघालेली 'अस्सल' गाडी तिथे नापास होऊ शकते. वय जपणाऱ्यांच्याच देशात!