ग्लव्हला बांधायचा रडार: पोरांच्या सरावात हवा की नको?

फास्टबॉलवाला
बेसबॉलमध्ये चेंडू पकडणाऱ्या कॅचरच्या ग्लव्हवर बांधता येतो असा छोटा रडार मिळतो. मनगटाच्या बाजूला बसवायचा. चेंडू आत शिरायच्या जेमतेम आधी तो वेग टिपतो आणि लगेच आकडा दाखवतो. रडार गन नको, ती धरून उभा राहणारा तिसरा माणूस नको. दोघे मैदानात उतरले की झालं.

माझं मत सरळ आहे: बारा-तेरा वर्षांपुढच्या पोरांना पिचिंग (बॅटरकडे चेंडू टाकणं) शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा वापरावा. नुसत्या डोळ्यांना वेग कळतो हा भ्रम आहे. चेंडू ग्लव्हच्या खळग्यात नीट बसून फाट्कन आवाज आला की साधा थ्रोसुद्धा तोफगोळा वाटतो. मोजायची हौसही काही आजची नाही. १९१२ मध्ये वॉल्टर जॉन्सन या नावाजलेल्या पिचरला बंदुकांच्या कारखान्यात नेऊन, गोळीचा वेग मोजायच्या यंत्रातून चेंडू टाकायला लावला होता. सेकंदाला १२२ फूट भरला, म्हणजे ताशी ८३ माइल. पुढे बॉब फेलर या पिचरच्या चेंडूची तर धावत्या मोटारसायकलशी शर्यत लावली. १९७४ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाचे बेसबॉल कोच डॅनी लिटवायलर यांनी पोलिसांचा रडार पाहिला आणि तो मैदानावर आणला. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते आज मनगटावर मावतं, आणि आपण अजून "बऱ्यापैकी जोरात टाकतोय" म्हणत बसायचं?

कोनमापक
मोजायला हरकत नाही. पण नक्की काय मोजलं जातंय ते आधी बघा.

रडार लहर सोडतो, ती चेंडूवर आपटून परतते आणि परतताना तिची वारंवारता बदललेली असते. २४ गिगाहर्ट्झच्या लहरीवर सेकंदाला ४० मीटरने येणारा चेंडू साधारण ६,४०० हर्ट्झचा फरक पाडतो. त्या फरकावरून वेग काढतात. इथवर सगळं चोख. गोची पुढे आहे.

हा वेग म्हणजे रडारच्या दिशेने येण्याचा वेग. चेंडू तिरका आला तर आकडा कमी दिसतो. १० अंशांना दीड टक्का, २० अंशांना ६ टक्के, ३० अंशांना तब्बल १३. ग्लव्हवरच्या यंत्राचं कसं होतं बघा. चेंडू जातो खळग्यात, रडार बसलाय समजा १० सेंटीमीटर बाजूला. चेंडू एक मीटरवर असताना फरक अर्धा टक्काच. पण तोच ३० सेंटीमीटरवर आला की कोन १८ अंशांच्या वर जातो आणि आकडा ५ टक्क्यांनी खाली येतो. म्हणजे यंत्राने चेंडू कुठे टिपला यावर सगळं आलं.

त्यात रडार स्वतःच हलतोय! गन धरणारा माणूस निदान स्थिर उभा असतो. कॅचरने हात पुढे नेत सेकंदाला एक मीटर वेगाने चेंडू घेतला की आकड्यात ताशी ३.६ किलोमीटर फुकटचे जमा. हात मागे घेत अलगद झेलला तर तेवढेच वजा. पिचरने काहीच बदललेलं नाही, तरी दोन थ्रोंमध्ये सात किलोमीटरचा फरक.

आणि सर्वात मोठी गोष्ट: हा चेंडूचा शेवटचा वेग आहे. हातातून सुटल्यापासून, बॅटर उभा असतो त्या होम प्लेटपर्यंत हवा त्याचा साधारण ८ ते १० टक्के वेग खाते. टीव्हीवर दिसतो तो सुटतानाचा. १९७४ मध्ये पिचर नोलन रायनचे ताशी १००.९ माइल प्लेटजवळ मोजले होते, २०१० मध्ये अरोल्डिस चॅपमनचे १०५.८ हातापाशी. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाद घालणारे अजून भेटतात, तर ग्लव्हवरचा आकडा पाहून पोरगं काय समजेल?

फास्टबॉलवाला
कोनमापक, हे सगळं मान्य, पण यातून "वापरू नका" कसं निघतं? टीव्हीशी तुलना करायचीच कशाला? तोच कॅचर, तेच अंतर, तेच यंत्र. मागच्या महिन्यापेक्षा सरासरी वर गेली की नाही एवढंच बघायचं. शेवटचा वेग मोजला जातो यात तर मला काहीच वावगं दिसत नाही. बॅटरला चेंडू तिथेच भेटतो.

मिटवाला
मी कॅचर. माझी बाजू कुणी विचारलीच नाही म्हणून लिहितो.

ग्लव्हवर पडदा लागला की कॅचरचा डोळा चेंडूवरून उठून आकड्यावर जातो. आमच्या सरावात हेच झालं. प्रत्येक झेलानंतर मनगट वळवून बघायचं, मग ओरडून सांगायचं, समोरचा लगेच "पुन्हा एक!" नीट झेलणं, चेंडू आल्या जागी ग्लव्ह शांत ठेवणं, सगळं बाजूला. काही दिवसांनी आकडा फुगवायची युक्तीही सापडते, कोनमापकांनी सांगितली तीच: हात पुढे मारा. पिचरला बरं वाटतं, दोस्ती टिकते. दुसरी युक्ती याहून सोपी, दोन पावलं पुढे सरकून बसायचं. हवेला वेग खायला अंतरच कमी मिळतं.

कोपर_सांभाळा
बरीच वर्षं पोरांना शिकवलंय, म्हणून स्पष्ट बोलतो. यंत्र बरोबर दाखवतं की चूक, हा माझ्यासाठी दुय्यम प्रश्न आहे. उलट ते जितकं बरोबर तितकी मला जास्त भीती.

तेरा वर्षांच्या मुलासमोर आकडा ठेवलात की तो पुढच्या चेंडूला सगळं अंग झोकून देतो. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध प्रत्येक जोरदार थ्रोला ताणला जातो. तो तुटला की दुसरीकडचा स्नायुबंध काढून तिथे बसवावा लागतो. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉनवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, आज ती या पिचरच्याच, टॉमी जॉनच्या, नावाने ओळखली जाते. रडारही त्याच वर्षी मैदानात आला. योगायोगच म्हणा, पण मला तो विसरता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने, पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला. त्यात वाढत्या वेगाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकणं ही प्रमुख कारणं सांगितली आहेत. ही मोठ्यांची गत, ज्यांच्या दिमतीला डॉक्टर असतात. पोरांची हाडं तर अजून वाढत असतात. पण आपल्याला पी हळद आणि हो गोरी!

फास्टबॉलवाला
कोच, आदर ठेवून विचारतो. आकडा नव्हता तेव्हा पोरं संथ टाकायची का? एकमेकांकडे बघून जोर लावायचीच. निदान रडार असेल तर थकवा दिसतो. चाळिसाव्या चेंडूनंतर वेग उतरायला लागला की थांबवा. पोराला विचारलं तर "मी ठीक आहे"च म्हणणार.

कोपर_सांभाळा
थकल्याचं मला खांदा, कोपर आणि पाय बघून कळतं. कोपर खाली येतं, पाऊल आखूड पडतं. वेग त्यानंतरही काही काळ टिकतो, कारण पोरगं तो हाताने ओढून आणतं. नेमकं तेव्हाच दुखतं.

बाकी मीही मोजतो, पण किती चेंडू टाकले ते. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने 'पिच स्मार्ट' नावाने मर्यादा ठरवून दिल्यात: ११-१२ वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त ८५, १३-१४ ला ९५. १४ पर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त टाकले की चार दिवस विश्रांती. याला रडार लागत नाही, पेन्सिल लागते.

कोनमापक
थकव्याच्या मुद्द्यात थोडी भर. थकून वेग उतरला तर तो तीन-चार किलोमीटरने उतरेल. कॅचरच्या हाताच्या हालचालीने तेवढा फरक एरवीही पडतो. एकेका थ्रोवरून काहीच सांगता येणार नाही, दहा-दहाची सरासरी काढावी लागेल. ती काढेपर्यंत पोराने आणखी वीस टाकलेले असतील.

हळूच_पण_कोपऱ्यात
ग्रेग मॅडक्स. वेगावर नाही, अचूकतेवर ३५५ विजय. १९९२ ते ९५ सलग चार साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. चालू द्या तुमचं.

फास्टबॉलवाला
@हळूच_पण_कोपऱ्यात, मॅडक्सचं नाव येणार हे माहीतच होतं. असे किती झाले? निवड करणारा स्काउट स्टँडमध्ये गन घेऊनच बसतो. पोराला पहिल्यांदा तिथेच आकडा कळावा का?

आणि पडदा झाका की! कॅचरने बघायचं नाही, पिचरला सांगायचं नाही, आठवड्यातून एकदा कोचने वहीत लिहायचं. मी स्वतः यापुढे असंच करणार, पण यंत्र काढणार नाही.

मिटवाला
झाकलेला पडदा बघणार कोण? कोच प्रत्येक चेंडूला माझ्या मनगटाशी येऊन बसणार? मग गन धरणारा तिसरा माणूस परत आलाच.

नवीन_आहे_माफ_करा
पिचिंग सोडून विचारते. माझी मुलगी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली क्षेत्ररक्षक, खेळते. तिचा फर्स्ट बेसचा थ्रो मोजायला हे चालेल का? रोज नाही, कधीतरी.

कोनमापक
ताई, चालेल, पण फर्स्ट बेसवाला खेळाडू चेंडूसाठी हात लांब ताणून पुढे घेतो, तेव्हा आकडा फुगणार. त्याला सरावापुरता ग्लव्ह छातीसमोर धरून स्थिर उभा करा. टप्पा पडून आलेला थ्रो मोजूच नका. ती दर वेळी वेगळ्या जागेवरून फेकणार, म्हणून सुरुवातीला एक खूण करून तिथूनच फेकायला सांगा.

कोपर_सांभाळा
आणि आधी हात गरम करून घ्या, मोजणी मग.