स्कॉर्पियन्सची बॅलड्स: अल्बमच्या शेवटी ऐकावीत की वेगळी काढून?

मंद्रसप्तक:

नमस्कार. हॅनोव्हरच्या स्कॉर्पियन्स या जर्मन बँडचा विषय निघाला की रसिकांचे दोन तट पडतात. एका तटाच्या लेखी त्यांची बॅलड्स म्हणजेच स्कॉर्पियन्स. दुसऱ्याचे म्हणणे असे की या संथ गाण्यांनी एका उत्तम हार्ड रॉक बँडची धार घालवली. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण दोन्हींमध्ये बॅलड आणि जोरकस गाणी एकमेकांपासून तोडून पाहिलेली असतात.

अल्बममधील गाण्यांचा क्रम पाहा. 'टेकन बाय फोर्स' (१९७७) 'बॉर्न टू टच युअर फीलिंग्ज'ने संपतो, 'लव्हड्राइव्ह' (१९७९) 'हॉलिडे'ने, 'ब्लॅकआउट' (१९८२) 'व्हेन द स्मोक इज गोइंग डाउन'ने, 'लव्ह ॲट फर्स्ट स्टिंग' (१९८४) 'स्टिल लव्हिंग यू'ने, 'सॅव्हेज अम्यूझमेंट' (१९८८) 'बिलीव्ह इन लव्ह'ने आणि 'क्रेझी वर्ल्ड' (१९९०) 'सेंड मी ॲन एंजल'ने. हा योगायोग नव्हे. मैफलीत भैरवी जशी आधीच्या सगळ्या रागांचा भार घेऊन येते, तसे हे शेवटचे गाणे आधीच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या गडगडाटाचा भार घेऊन येते, आणि म्हणूनच ते इतके आत शिरते, असे माझे मत आहे. 'ब्लॅकआउट'मध्ये 'चायना व्हाइट'चा जड, सरपटणारा रिफ (गिटारवर परत परत वाजणारी छोटी स्वरावली) संपल्यावर 'व्हेन द स्मोक...' सुरू होते. श्रोते घरी परतल्यानंतर गायक एकटाच रिकाम्या रंगमंचावर येऊन उभा राहतो, एवढाच त्या गाण्याचा विषय आहे. ते गाणे अल्बमच्या मध्यावर ठेवले असते तर त्याला काही अर्थच उरला नसता.

उलट 'गोल्ड बॅलड्स'सारखी संकलने १९८०च्या दशकातच निघाली आणि पुढे अशी अनेक निघाली. आज बहुतेकांची या बँडशी ओळख अशा संकलनांतूनच होते. माझा प्रश्न असा की, एकापाठोपाठ एक दहा बॅलड्स ऐकणाऱ्याला ही गाणी खरोखर कळतात का?

सहावी तार:

क्रमाबद्दलचे निरीक्षण मला मान्य आहे. मात्र चांगल्या बॅलडला आधारासाठी अख्ख्या अल्बमची गरज असते असे मला वाटत नाही, कारण 'स्टिल लव्हिंग यू'मध्ये तो चढ गाण्याच्या आतच बांधलेला आहे.

संगीत बँडचा गिटारवादक रुडॉल्फ शेंकरचे, शब्द गायक क्लाउस माइनेचे, आणि लांबी सुमारे साडेसहा मिनिटे. सुरुवातीला गिटारवर मायनरमधील (उदास छटेच्या) कॉर्डचे, म्हणजे स्वरसमूहाचे, सूर एकेक करून छेडलेले ऐकू येतात आणि माइने जवळजवळ बोलल्यासारखा, खालच्या पट्टीत गातो. कडवी पुढे सरकतात, तरी गाणे ध्रुवपद देण्याची घाई करत नाही. मुद्दाम खरखरीत केलेल्या ध्वनीची (डिस्टॉर्शनची) जड गिटार येते तेव्हा ध्रुवपद सुरू होते, आणि तेथेही पहिल्या खेपेला शेवटी 'स्टिल' हा शब्द नाही; नुसते 'आय ॲम लव्हिंग यू' आहे. पुन्हा एक कडवे, पुन्हा विनवणी, आणि मग शेवटच्या टप्प्यात शीर्षकाची पूर्ण ओळ येते व परत परत येत राहते. दुरावलेल्या माणसाची समजूत घालताना मूळ गोष्ट ओठांवर यायला जितका वेळ लागतो, तितका वेळ या गाण्याने घेतला आहे. त्या काळी रेडिओसाठी गाणी चार मिनिटांत बसवत असत, आणि तशा आवृत्तीत नेमका हाच वेळ कापला जातो.

दुसरी गोष्ट माइनेच्या आवाजाची. 'ब्लॅकआउट'च्या तयारीच्या वेळी, १९८१ मध्ये, त्याचा आवाज पार गेला होता. स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करावी लागली, आणि ध्वनिमुद्रणाचे काम थांबू नये म्हणून डॉन डॉकेन या अमेरिकन गायकाने काही काळ त्याच्या जागी गाऊन मदत केली. माइने परत उभा राहिला आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आत 'स्टिल लव्हिंग यू' गायला. वरच्या पट्टीतही त्याचा आवाज फाटत नाही, पातळ होत नाही आणि शब्द स्पष्ट राहतात. हार्ड रॉकमधील पुष्कळ गायक वर गेले की किंचाळू लागतात. हा माणूस तेथेही गातच असतो. त्यांच्या बॅलड्सचे निम्मे श्रेय मी या एका गुणाला देईन.

जुनी तबकडी:

मी दुसऱ्या तटातला, हे आधी सांगतो. मात्र माझा आक्षेप बॅलडला नाही, साच्याला आहे.

गिटारवादक उली जॉन रोथ १९७८ पर्यंत बँडमध्ये होता, त्या काळातील संथ गाणी ऐका. 'इन ट्रान्स' (१९७५) किंवा 'व्हर्जिन किलर'मधील (१९७६) रोथचे 'येलो रेव्हन' ऐकताना पुढच्या मिनिटाला गाणे कोणीकडे वळेल याचा अंदाज येत नाही. 'वुई विल बर्न द स्काय' हे तर माझ्या मते त्यांचे सर्वश्रेष्ठ गाणे आहे. त्याचे शब्द मोनिका डॅनेमनचे आहेत आणि ते तिचा प्रियकर, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या आठवणीत लिहिलेले आहेत. संगीत मात्र शेंकरचेच. हळुवार सुरुवात होते, मग गाणे पेट घेते, परत शांत होते, पुन्हा पेटते. त्याला बॅलड म्हणावे की हार्ड रॉक, हे ठरवता येत नाही, आणि मला तोच त्याचा मोठेपणा वाटतो. 'टोकियो टेप्स' या मैफलीच्या अल्बमवरील त्याचे १९७८ मधील प्रत्यक्ष सादरीकरण ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी अवश्य ऐकावे.

१९८४ नंतर मात्र आराखडा ठरून गेला: मंद गिटार, मग ढोल, मग समूहस्वर. 'बिलीव्ह इन लव्ह'मध्ये मला 'स्टिल लव्हिंग यू'ची फिकट प्रतच ऐकू येते. 'प्युअर इन्स्टिंक्ट'वर (१९९६) तर संथ गाण्यांचेच राज्य आहे, त्यामुळे मंद्रसप्तक म्हणतात तो संथ आणि जोरकस गाण्यांमधला विरोध उरतच नाही. त्यांचे म्हणणे खरे असेल, तर स्कॉर्पियन्सने स्वतःच तो नियम मोडला आणि त्याची किंमत मोजली. बॅलड्समुळेच बँड जगभर पोहोचला, ही समजूतही निम्मीच खरी आहे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत 'रॉक यू लाइक अ हरिकेन' २५व्या क्रमांकापर्यंत गेले, तर 'स्टिल लव्हिंग यू' ६४व्या क्रमांकावर थांबले. त्या गाण्याला डोक्यावर घेतले ते युरोपने, विशेषतः फ्रान्सने.

पूर्वाई:

'प्युअर इन्स्टिंक्ट'बद्दल एक दुरुस्ती सुचवते. त्यातील 'व्हेन यू केम इन्टू माय लाइफ' हे गाणे तितियेक पुस्पा आणि जेम्स सुंदाह या इंडोनेशियन संगीतकारांच्या सहभागाने तयार झाले. आग्नेय आशियात या बँडचा केवढा मोठा श्रोतृवर्ग आहे, हे त्यावरून कळते. आपल्याकडे २००७ मध्ये ते शिलाँगला येऊन गायले, तेथेही रॉकवर प्रेम करणारे शहर त्यांची वाट पाहत होते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा श्रोत्यांपर्यंत ही बॅलड्स पोहोचली, कारण माइनेचे इंग्रजी साधे आहे आणि भाव लपवलेला नाही. तो अल्बम कमकुवत आहे हे मला मान्य आहे, परंतु त्या साधेपणाला साचा म्हणणे अन्यायाचे वाटते.

मला मुख्यतः 'विंड ऑफ चेंज'बद्दल बोलायचे आहे, कारण ते येथे अजून कोणी काढलेच नाही. ते 'क्रेझी वर्ल्ड'च्या शेवटी नाही, चौथे आहे. त्याचे शब्द आणि संगीत दोन्ही एकट्या माइनेचे आहेत, शीळही त्याचीच. पुष्कळ जण त्याला बर्लिनची भिंत पडल्याचे गाणे समजतात, पण माइनेला ते सुचले ऑगस्ट १९८९ मधील मॉस्कोच्या संगीत महोत्सवानंतर, म्हणजे भिंत पडण्याच्या आधी. गाण्यात मॉस्कवा नदी आहे, गोर्की पार्क आहे, बलालाइका हे रशियन तंतुवाद्य आहे, भिंत नाही. भिंत आहे ती 'स्टिल लव्हिंग यू'मध्ये, आणि ती रुसलेल्या माणसाच्या अभिमानाची! १९९१ मध्ये हे गाणे जर्मनीत ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. त्या डिसेंबरात, सोव्हिएत संघ विसर्जित होण्याच्या काही दिवस आधी, बँड क्रेमलिनमध्ये गोर्बाचेव्ह यांना भेटला.

रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर २०२२ मध्ये लास वेगासच्या कार्यक्रमांत माइनेने याच गाण्याचे सुरुवातीचे शब्द बदलले आणि मॉस्कवाच्या जागी युक्रेनचे नाव घेतले. जे गाणे त्याला आयुष्यभर जसेच्या तसे गाता आले असते, ते त्याने सत्तरी ओलांडल्यावर बदलले. माझ्या दृष्टीने ही त्या गाण्याची आणि त्या गायकाची सर्वात मोठी पावती आहे.

जुनी तबकडी:

शब्द बदलण्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही संगीत म्हणून पाहिले तर 'विंड ऑफ चेंज'मध्ये शेंकरची ती घडण नाही, आणि शीळ वगळली तर ते त्यांच्या इतर बॅलड्सपेक्षा सपाट आहे, या मतावर मी ठाम आहे.

मंद्रसप्तक:

सर्वांचे आभार. सहावी तार यांचा मुद्दा मी स्वीकारतो: 'स्टिल लव्हिंग यू' एकटे ऐकले तरी उभे राहते. माझ्या लेखी ते सर्वांत श्रेष्ठ का, याचे उत्तरही त्यातच आहे. पूर्वाई, 'विंड ऑफ चेंज' चौथे असले तरी त्याच्यापुढे सहा जोरकस गाणी आहेत आणि नंतरच 'सेंड मी ॲन एंजल' येते, त्यामुळे शेवटाची जागा त्या अल्बममध्येही बॅलडसाठीच राखलेली आहे.

जुनी तबकडी यांना एक विनंती आहे. 'लव्हड्राइव्ह' परत एकदा पहिल्यापासून ऐका. 'अनदर पीस ऑफ मीट'च्या दणक्यानंतर लगेच 'ऑलवेज समव्हेअर' येते. सातला गावात पोहोचणे, अकरापर्यंत कार्यक्रम, मग चिनी जेवण आणि हॉटेलची खोली, असा दौऱ्यावरच्या वादकाचा दिवस त्यात सरळ सांगितला आहे. तुम्ही म्हणता तो साचा १९७९ मध्ये ठरलेला नव्हता आणि रोथही बँड सोडून गेला होता. या गाण्याला तुम्ही कोणत्या काळात धराल, हे मला जाणून घ्यायचे आहे.