‘फाउंड फुटेज’ला मराठीत काय म्हणावं?

(बोलणारे चौघे, नावांऐवजी नागपुरातल्या वस्त्या.)

धरमपेठ: ब्रूस कॉनर (१९३३–२००८) या अमेरिकन प्रयोगशील चित्रपटकाराच्या कारकिर्दीवर लेख लिहून राहिलोय. ‘फाउंड फुटेज’पाशी, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं जुनं चित्रण घेऊन त्यातून नवा चित्रपट जोडतात त्यापाशी, गाडी अडली. ‘प्राप्त चित्रण’ सरकारी वाटतं. ‘सापडलेलं चित्रण’ चालेल का?

महाल: ‘सापडलेलं’ म्हटलं की रस्त्यात पडलेली नोट आठवते. कॉनर मुळात टाकाऊ वस्तूंतून शिल्पं घडवणारा. ‘अ मूव्ही’ (१९५८) हा त्याचा पहिला चित्रपट, जेमतेम १२ मिनिटांचा. जुनी वृत्तचित्रं, दुय्यम सिनेमे, त्यांचे तुकडे जोडलेले. पाणबुडीतला अधिकारी पेरिस्कोपला डोळा लावतो. पुढच्या तुकड्यात बिकिनीतली बाई. मग टॉर्पेडो सुटतो, आणि थेट अणुस्फोटाचा ढग! चित्रण सगळं दुसऱ्यांचं, पण चावटपणा अस्सल त्याचा. हे नुसतं सापडत नसतं, भाऊ.

सीताबर्डी: ‘क्रॉसरोड्स’ (१९७६) घ्या. १९४६च्या बिकिनी बेटांवरच्या अणुचाचणीचं सरकारी चित्रण त्यानं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मिळवलं. तोच स्फोट वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून, ३६ मिनिटं. दफ्तरातून मागवलेली वस्तू ‘सापडली’ कशी म्हणणार? (आपल्याकडच्या दफ्तरात सापडली तर नवलच, ते सोडा.)

वर्धमाननगर: ‘सरवा’ कसा वाटतो? पीक निघाल्यावर शेतात राहिलेलं वेचतात, तो सरवा. ‘सरवापट’ म्हणा.

महाल: शब्द गोड आहे, पण शहरातल्या पोरांना तळटीप द्यावी लागेल. शिवाय सरव्यात मिळेल ते घ्यायचं. हा गडी निवडून घ्यायचा. ‘वेचीव चित्रण’ बरं. कपाशीचा वेचा विदर्भात कोणाला सांगावा लागत नाही, पुस्तकातले वेचेही ओळखीचे. आणि ‘त्यानं वेचलं’ असं क्रियापद आयतं मिळतं.

सीताबर्डी: मग ‘सापडलेलं’ भयपटांना राहू द्या. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये (१९९९) हरवलेल्या पोरांचं चित्रण नंतर सापडलं, असाच बनाव आहे. तिथे चित्रण मुद्दाम केलेलं, सापडणं खोटं. इंग्रजीत दोन्हींना एकच नाव, म्हणून घोळ. आपण तो कशाला उसना घ्यायचा?

धरमपेठ: ‘वेचीव’ पटलं, पण ‘रिपोर्ट’ला (१९६७) लावताना हात थबकतो. केनेडींच्या हत्येच्या बातम्यांतली दृश्यं तो पुन्हा पुन्हा फिरवतो, मध्येच पडदा नुसता काळा-पांढरा लुकलुकत राहतो. वेचणं म्हटलं की फुलं येतात डोळ्यांसमोर.

वर्धमाननगर: फुलंच कशाला? खडेही वेचतात, शब्दही वेचून मारतात. लिहा बिनधास्त. पहिल्या उल्लेखाला ‘वेचीव चित्रण, म्हणजेच फाउंड फुटेज’ असं टाका, पुढे नुसतं ‘वेचीव’.