घनता सुधारली, तरी आईचा पोक का वाढतो आहे?

प्रश्न
माझी आई ७२ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिचा टी-स्कोअर (हाडांची घनता तरुण प्रौढांच्या सरासरीशी ताडून दिलेला आकडा) उणे २.८ आला, तेव्हापासून ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराची, औषधे चालू आहेत आणि ताज्या तपासणीत हाडांची घनता थोडी सुधारलेली दिसते. याच काळात तिच्या पाठीला मात्र स्पष्ट पोक आला असून, खुर्चीतून उठताना तिला दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागतो आणि उंच फळीवरचे काही काढणे तिने सोडूनच दिले आहे. पाठ कधी विशेष दुखली नाही. पोकाचा कोन मोजून पुढचा अंदाज बांधता येतो का?

प्रतिसाद १
पाठ दुखली नाही, यावर विसंबू नये. मणक्यांचे सुमारे दोन तृतीयांश अस्थिभंग रुग्णाच्या लक्षातही येत नाहीत; मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा होतो आणि वरचा कणा तेवढा पुढे झुकतो. नेहमीची डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) घनता सांगते; मणक्याचा आकार मात्र बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये पाहावा लागतो. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असेल, तर हा एक्स-रे टाळू नये, कारण उपचार चालू असताना नवा अस्थिभंग आढळल्यास औषधाचाच फेरविचार करावा लागतो. अर्थात प्रत्येक पोकामागे अस्थिभंग असतोच असे नाही. मणक्यांमधल्या चकत्यांची झीज आणि पाठीच्या स्नायूंचा अशक्तपणा हीसुद्धा कारणे असतात.

प्रतिसाद २
मी फिजिओथेरपिस्ट आहे. कॉब पद्धतीने, म्हणजे एक्स-रेवर मणक्यांच्या कडांना रेषा आखून, मोजलेला पोकाचा कोन ४० अंशांच्या वर गेला की पोक वाढला असे साधारणपणे मानतात, पण नुसत्या कोनावर माझा फारसा भरवसा नाही. छातीच्या भागातील बाक कंबर आणि खुबे बराच काळ सावरून धरतात. कंबरेची नैसर्गिक कमान सपाट झाली की शरीराचा भार पुढे जातो, तोल राखण्यासाठी गुडघे वाकलेले राहतात आणि चालणे थकवणारे होते. हात वर न जाण्याचे कारणही बहुधा पाठीतच सापडेल, कारण पाठ गोल झाली की खांद्याचे पाते पुढे कलते. त्यामुळे कोनाबरोबरच ३० सेकंदांत हातांच्या आधाराविना किती वेळा उठता येते, तसेच खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत बसायला किती वेळ लागतो, हे मोजून घ्यावे. या दुसऱ्या चाचणीस १२ सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका गृहीत धरतात.

प्रश्नकर्ती
उंची ५ सेंटिमीटरने कमी भरली, म्हणून एक्स-रे सांगितला आहे. आई रोज सकाळी वाकून पायाची बोटे धरण्याचा व्यायाम नेमाने करते. तो चालू ठेवावा का?

प्रतिसाद २
तो आजच थांबवावा. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ज्या स्त्रियांनी केवळ पुढे वाकण्याचे व्यायाम केले त्यांच्यापैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यांत नवे बदल किंवा अस्थिभंग आढळले, तर केवळ पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. गट लहान होते, तरी पुढे वाकल्यावर सारा दाब मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो हे यांत्रिक कारण पक्के आहे. एक्स-रे पाहिल्यानंतर पाठीच्या ताणक स्नायूंचे, मांड्यांचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम देखरेखीखाली सुरू करावेत. अशा व्यायामांनी कोन काही अंशांनीच घटतो. पोक नाहीसा होईल अशी आशा आईंना देऊ नये.

प्रतिसाद १
अंथरुणातून उठतानाही त्यांनी सरळ उठून बसू नये. आधी गुडघे दुमडून खांदे व खुबे एकदमच वळवत कुशीवर यावे, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडावेत आणि मग हाताने रेटून उठावे.